बाय कुजबुजायची नाही

डोक्याच्या आजाराच्या गोळ्या औषधवाले नेहमी कागदात गुंडाळून देतात. खोकल्याचं औषध उघडं, साखरेच्या गोळ्या उघड्या, पण या गोळ्यांना मात्र आधी वर्तमानपत्राचा तुकडा आणि वर काळी पिशवी. आपण गिऱ्हाइकावर उपकार करतोय असा दुकानदाराचा समज असतो, आणि गिऱ्हाईकही मान खाली घालून तो उपकार घरी नेतं. बाय नेत नसे. उल्हासनगरच्या कॅम्प एकमधल्या एका दुकानात तिने ती पुडी काउंटरवरच सोडली, गोळ्यांची पट्टी हातात धरली आणि दुकानदाराला सांगितलं, "ही माझ्या डोक्याची गोळी हाय. शेवग्याची शेंग नेतात तशी नेनार." मागे रांगेत उभी असलेली मंडळी एकदम आपापल्या मोबाइलमध्ये शिरली. मी तिच्याबरोबर होते, माझ्याही गोळ्या त्याच दुकानातून यायच्या. त्या दिवसापासून मीही कागद घेणं बंद केलं. दुकानदार अजून कागद फाडायला हात पुढे करतो आणि अजून मी नको म्हणते.

आम्ही सगळे तिला बाय म्हणायचो. आगरी घरात आईला बाय म्हणतात, आजीला म्हणतात, लाडात आलं तर कडेवरच्या लेकीलाही म्हणतात. तिला जो जे समजून हाक मारेल ते ती असायची. ठेंगणी, काळीसावळी, हातभर हिरव्या बांगड्या, आणि आवाज असा की बदलापूर स्टेशनच्या एका टोकाला बोलली तर दुसऱ्या टोकाच्या भाजीवालीने उत्तर द्यावं. कुजबुज हा प्रकार तिला येतच नव्हता. दवाखान्यात, मयताला, देवळात, एकच पट्टी. मी एकदा तिला हळू बोल म्हटलं तर म्हणाली, हळू बोलण्यासारखं मी काय केलंय?

आमचं काम काय, हे लोकांना सांगताना माझी अजून दमछाक होते. ओळखपत्रावर 'पिअर सपोर्ट वर्कर' असं छापलं होतं. सोप्या भाषेत सांगायचं तर, ज्यांचं डोकं एकदा फिरून ठिकाणावर आलंय अशांनी, ज्यांचं सध्या फिरलेलं आहे त्यांच्याकडे जाऊन बसायचं. आमच्याकडे बहुतेक तरुण मुलंमुली आणि त्यांचे घाबरलेले आईबाप. डॉक्टरांचं काम डॉक्टर करतात. आम्ही फक्त 'यातून माणूस बाहेर येतं, हे बघा, मी आलोय' एवढं दाखवायला जातो. संस्था लहानशी, अंबरनाथ पूर्वेला पिठाच्या गिरणीच्या वर दोन खोल्या, त्यामुळे आमच्या सगळ्या बैठकांना ज्वारीचा वास असायचा. माझी कॉलेजची दोन वर्षं आजाराने खाल्ली होती, त्यानंतर मी तिथे लागले. बाय माझ्या आधीपासून होती आणि माझ्या आईहून मोठी होती.

तिची गोष्ट तिने मला पहिल्याच दिवशी, जिना चढता चढता सांगितली. धाकट्या लेकीच्या बाळंतपणानंतर तिला आवाज ऐकू येऊ लागले. आधी भगत झाला, अंगारे झाले, घरातल्या खांबाला बांधून ठेवणं झालं. मग मोठं इस्पितळ. तिथून बरी होऊन आली तेव्हा नवरा तिला न्यायला फाटकाशी उभा होता. तो अंबरनाथच्या एका कंपनीत कामाला होता आणि सबंध आयुष्यात बायच्या वाट्याचंही गप्प बसून घ्यायचा. नवऱ्याने सोडलं नाही, पण गावाने सोडलं. बाय त्याआधी धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात भटजी येवो न येवो, धवले गाऊन लग्न लावणाऱ्या बायका लागतात, त्यांना धवलारिणी म्हणतात. ती इस्पितळातून आल्यावरच्या पहिल्या लग्नात नेहमीसारखी चटईवर जाऊन बसली, तर कुणीतरी दंडाला धरून तिला उठवलं. शुभकार्यात डोकं फिरलेली बाई नको. हे सांगताना तिचा आवाज जरासुद्धा खाली येत नसे. धवले मात्र ती गात राहिली, लसूण सोलताना, शेंगा निवडताना, रिक्षात. बोलावणं येत नाही म्हणून गाणं का सोडू, असं तिचं म्हणणं.

तिची काम करायची पद्धत आम्हाला कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेली नव्हती. एखाद्या घरी गेलं की ती आत सोफ्यावर बसायची नाही. उंबऱ्याशी बसायची आणि घरातल्या बाईकडे काम मागायची. "दे काय असंल ता." मेथी निवड, लसूण सोल, परकरात नाडी ओव, वालाच्या शेंगा सोल. हात रिकामे असले की तोंड खोटं बोलतं, असं ती म्हणायची. आणि खरंच, चहाचा कप हातात धरून बसलेले आईबाप आम्हाला 'सगळं ठीक आहे मॅडम' म्हणून सांगायचे, आणि शेंगा सोलायला बसले की तासाभरात पोटातलं बाहेर यायचं. ज्या मुलासाठी आलोय त्याला ती कधी हाक मारत नसे. त्याला वाटेल तेव्हा तो येईल. संध्याकाळी मी अहवालात 'कौटुंबिक समुपदेशन' असं लिहायचे, प्रत्यक्षात आम्ही दोन किलो वाल सोललेले असायचे. तिच्याबरोबर काम करणं सोपं होतं असं कुणी समजू नये. वेळेवर कधी यायची नाही, माझं कधी ऐकायची नाही, दुसऱ्याच्या घरातला चालू टीव्ही न विचारता बंद करायची, आणि प्रत्येक घरी जेवायची.

कॅम्प एकमध्ये एका सिंधी शेटजींचं साड्यांचं दुकान होतं, वर घर. मुलगा विशीतला, कॉलेज सोडून खोलीत बसलेला, कुणाशी शब्द नाही. शेटजी भला माणूस, पण त्याने उपाय ठरवून टाकला होता. पोराचं लग्न करून देऊ, ठीक होईल. मी त्याला सौम्य शब्दांत समजावत होते. बायने साडीची घडी घालता घालता मान वर न करता विचारलं, "भाऊ, लडकी कोई गोली हाय क्या?" शेटजी हसायला लागला. "वडी बाई, तू तो खतरनाक है," म्हणाला आणि आणखी साड्यांचा ढीग तिच्यापुढे टाकला. ती रोज संध्याकाळी तिथे बसून घड्या घालायची. काही दिवसांनी एकदा खोलीचं दार उघडलं, तो मुलगा बाहेर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते हे की, आंटी, काठ आत गेला, घडी चुकली. मग स्वतः खाली बसून त्याने ती घडी मोडून परत घातली. तू मुद्दाम चुकवलीस का, असं मी तिला रिक्षात विचारलं. तिला खरोखरच घडी घालता येत नव्हती.

'बिचारी' हा शब्द कुणी उच्चारला की तिचं माथं भडकायचं. दवाखान्याच्या रांगेत एक बाई आमच्या एका मुलीकडे बघून बिचारी म्हणाली, तर बायने तिला भर रांगेत विचारलं, ही आज रिक्षाने एकटी आली, तू आली होतीस का कधी एकटी? खरं तर त्या बाईचा हेतू वाईट नव्हता. पण मला ते भांडण आवडलं. आमच्या वाट्याला चांगल्या हेतूची माणसं फार येतात आणि त्यांना कुणी काही म्हणत नाही.

एकदा मुंबईहून एक प्रशिक्षक आले होते. त्यांनी सांगितलं की आपली गोष्ट सांगणं हेच आपलं औजार आहे, पण ते बेताने वापरा, कारण आपण एखाद्याच्या शेजारी बसून आपली सांगतो तेव्हा त्याचीही थोडी सांगितली जाते. बाय तेव्हा डुलक्या घेत होती असं मला वाटलं होतं. तिने डोळे न उघडताच म्हटलं, माझी गोष्ट माझ्या मालकीची, मी कुठंबी सांगेन. सगळे हसलो, प्रशिक्षकही हसले. दुपारी जेवायला गेलो आणि तो मुद्दा तिथेच राहिला.

आता मांजर्लीचं सांगते. बाय म्हटलं की मला तेच घर आधी आठवतं.

बदलापूरच्या मांजर्लीत नदीच्या अंगाला एक तळमजल्याचं घर होतं. पावसाळ्याआधी कपाट विटांवर चढवायचं आणि पावसाळ्यानंतर भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेवर रंग मारायचा, असं त्यांचं दरवर्षीचं चालायचं. आगरी कुटुंब, वडिलांचा रेती-खडीचा धंदा, आई घरी, थोरला मुलगा नोकरीला. धाकटी मुलगी एकोणीस-वीस वर्षांची, आमच्याकडे तीच होती. काही महिन्यांपूर्वी ती इस्पितळातून घरी आली होती, गोळ्या चालू होत्या, झोप परत आली होती, हळूहळू हसायलाही लागली होती. आणि भावाचं लग्न ठरलं होतं.

लग्नात नवऱ्यामुलाच्या मागे त्याची बहीण पाण्याचा कऱ्हा घेऊन उभी राहते, ती करवली. बायच्या बोलीत कलवरी. सख्खी बहीण असताना तो मान दुसरीला जात नाही. या मुलीने लहानपणापासून आपल्या एकुलत्या एका भावाच्या मागे उभं राहायचं ठरवलेलं, साडीचा रंगसुद्धा ठरलेला. पण घरच्यांनी नवरीकडच्यांना सांगून ठेवलं होतं की आमची मुलगी पुण्याला हॉस्टेलवर असते. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत बसवायचे. हळदीला आणि लग्नाला तिला कर्जतच्या मावशीकडे पाठवायचं, परीक्षा आहे म्हणून सांगायचं, आणि कऱ्हा चुलतबहिणीच्या हातात द्यायचा, असंही ठरलं होतं. मुलीला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिला ते चुलतबहिणीच्या साडीखरेदीवरून कळलं. त्या आठवड्यात तिने जेवण टाकलं, झोप पुन्हा गेली, आणि तिची आई आम्हाला फोनवर रडत म्हणाली की पुन्हा तसंच सुरू होतंय का हो?

बाय आणि मी रोज जायला लागलो. बाय उंबऱ्याशी, शेजारी सुपात वालाच्या शेंगा, आणि मुलगी हळूहळू मागच्या खोलीतून पुढच्या दारापर्यंत आली. बाय धवला म्हणायची, मुलगी शेंगा सोलायची. लग्नाबद्दल बाय काही विचारत नव्हती, मुलगी काही सांगत नव्हती. पण ती पुन्हा जेवायला लागली होती.

आणि मग बस्त्याचा दिवस आला. लग्नाच्या सगळ्या कपड्यांची एकत्र खरेदी म्हणजे बस्ता, आणि तो आमच्या भागातली माणसं उल्हासनगरलाच बांधतात. दोन्हीकडच्या बायका सकाळीच तिकडे गेल्या होत्या. त्या संध्याकाळपर्यंत येणार नव्हत्या, म्हणून मुलगी निर्धास्त दारात बसली होती. दुपारीच दोन रिक्षा दारात थांबल्या. गाठोडी घेऊन सात-आठ बायका उतरल्या, त्यांत मुलीची आई होती, आणि बायने गृहीत धरलं की या सगळ्या घरच्याच, मावश्या आणि काकवा. एकीने मुलीकडे बघून ही कोण म्हणून विचारलं. मुलीची आई काही बोलायच्या आत तिने बायलाही विचारलं, आणि तुम्ही कोण?

मुलीच्या आईने डोळ्यांनी खूण केली. मला ती दिसली. बायला डोळ्यांच्या खुणा कळत नसत, किंवा कळून घ्यायच्या नसत. तिने नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या अभिमानाने सांगितलं, "मी ना? मी हिच्यासारखीच. माजा डोका फिरला व्हता, मी बी इस्पितलात व्हतू. बघ, आता कशी हाय मी."

ज्या बाईने विचारलं ती नवरीची मामी होती. कुणी आरडाओरडा केला नाही. सगळ्याजणी आत येऊन बसल्या, चहा झाला, शालूची घडी उलगडून दाखवली गेली, रंगाचं कौतुक झालं, आणि त्या निघून गेल्या. मुलगी तेवढ्या वेळात मागच्या खोलीत गेली होती. बायच्या हातातली शेंग सोलायची तशीच राहिली होती. आपण काय केलं हे तिला कळलं, पण ते पुढच्या अर्ध्या तासात, हळूहळू.

त्याच दिवशी नवरीकडून निरोप आला. पत्रिका वाटून झाल्यात म्हणून लग्न मोडत नाही, पण ती मुलगी मंडपात दिसता कामा नये, आणि कऱ्हा तिच्या हातात तर अजिबात नाही. वडिलांनी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा ते दारातच उभे होते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "तुमचं काय जातं? उद्या पोराचं लग्न मोडलं तर तुमी येनार हाव का तोंड दाखवायला?" एवढंच म्हणाले, आणि बायला उंबऱ्याशी बसायला मनाई केली. त्यांच्या मागे मुलगी उभी होती. ती रडत नव्हती. ती बायला म्हणाली, "तू तुझी गोष्ट सांगितलीस, बाय. फुटली माझी."

मी तिला एवढी वर्षं ओळखत होते, पण तोंड उघडून शब्द न आलेली बाय मी तेव्हा पहिल्यांदा बघितली.

मला तिचा राग आला होता आणि तो अजून पुरता गेलेला नाही. लाज न बाळगण्याचा तिला हक्क होता, तिने तो फार महागात मिळवला होता. पण दुसऱ्याच्या लाजेचं कुलूप उघडायची किल्ली तिला कुणी दिलेली नव्हती. हे मी तिला तोंडावर सांगितलं. तिने ऐकून घेतलं. संस्थेच्या बैठकीत तिने स्वतःहून उभं राहून, कुणाचं नाव न घेता, माझ्या तोंडाने एका पोरीचं नुकसान झालं असं सांगितलं आणि मला काढायचं तर काढा म्हणाली. संस्था चालवणाऱ्या आमच्या मॅडमनी काढलं नाही, पण त्या घरी आता जाऊ नका असं बजावलं. मात्र दोन दिवसांनी त्या मुलीनेच मला फोन केला. बाय का येत नाही, असं विचारत होती. मॅडमना मी तसं सांगितलं, आणि मुलगीच बोलावतेय म्हटल्यावर त्याही जा म्हणाल्या.

वडिलांनी उंबरा बंद केला होता, रस्ता केला नव्हता. समोर एक बंद दुकान होतं, त्याच्या पायरीवर आम्ही दोघी जाऊन बसलो. बायने येताना हातात काहीच काम आणलं नव्हतं. रिकामे हात मांडीवर ठेवून ती बसली, तेही मी पहिल्यांदा बघत होते. थोड्या वेळाने मुलगी घरातून निघाली, रस्ता ओलांडून आली आणि बायच्या पलीकडे बसली. आई खिडकीत उभी होती, तिने अडवलं नाही.

बायने आधी माफी मागितली. सरळ, नेहमीच्याच आवाजात, येणारे जाणारे वळून बघतील अशी. मग तिने विचारलं, "तुना काय पायजे?"

मुलगी म्हणाली, "कऱ्हा."

"मंग तू माग. मी आता तुज्यासाठी एक शब्द बोलनार नाय."

मला वाटलं हे फार निष्ठुर आहे. त्या मुलीने आठवडाभर घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं आणि ही तिला लढायला पाठवतेय. मी मधे काही बोलणार होते, तेवढ्यात मुलीने मोबाइल काढला आणि होणाऱ्या वहिनीला फोन लावला. तिच्या हाताला गोळ्यांमुळे कंप होता, म्हणून तिने फोन मांडीवर ठेवून स्पीकर चालू केला. तिने सांगितलं की मी पुण्याला नाही, कधीच नव्हते, मी इस्पितळात होते, अजून गोळ्या घेते, बहुतेक बराच काळ घ्याव्या लागतील, आणि दादाच्या मागे मलाच उभं राहायचंय. सलग बोलली, मधे एकदाच थांबली.

पलीकडून नवरी म्हणाली, "म्हणून तू माझे मेसेज बघून सोडून द्यायचीस? मला वाटलं मी तुला आवडलेच नाही. मी आईला दहा वेळा विचारलं, माझं काय चुकलं म्हणून." मग दोघी एकदम बोलायला लागल्या आणि एकीचंही नीट ऐकू येईना. शेवटी नवरी म्हणाली की तू उभी राहा, माझ्या बाजूने मी सांगते, पण मामी ऐकेलच असं नाही हां, ती कुणाचंच ऐकत नाही.

बाय एक शब्द बोलली नाही. तेवढं गप्प बसणं तिला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे, तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले.

लग्नाला बायला बोलावणं नव्हतं, वडिलांनी तसं स्पष्टच सांगितलं होतं. मला मुलीने मैत्रीण म्हणून बोलावलं. बदलापुरातलाच हॉल, भरगच्च. नवरीच्या शब्दावर मुलीला कर्जतला पाठवणं रद्द झालं होतं, ती अबोली रंगाची साडी नेसली होती. वडील तिच्याकडे बघत नव्हते, दारातल्या पाहुण्यांकडे बघत होते. करवलीची वेळ आली तेव्हा चुलतबहीण पुढे झाली, कारण तिला नको म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा मुलीची आई उठली. या सगळ्या काळात त्या बाईने फोनवर रडण्यापलीकडे काही केलं नव्हतं. तिने कऱ्ह्यात पाणी भरलं, पानं लावली, नारळ ठेवला आणि आपल्या नवऱ्यादेखत कऱ्हा लेकीच्या हातात दिला. वडिलांनी बघितलं.

मुलगी भावाच्या मागे जाऊन उभी राहिली. अंतरपाट धरला गेला. आणि नवरीची मामी गर्दीतून वाट काढत आली. ती भांडायला आली नव्हती, तिचा आवाज अगदी प्रेमळ होता. ती वाकून मुलीच्या कानाशी म्हणाली, "बाळा, हात किती थरथरतोय बघ. दे तो कऱ्हा दुसरीकडे. लोक बघतायत."

कऱ्हा खरंच थरथरत होता. नारळ हलत होता आणि पानांच्या कडेने पाणी ओघळून मनगटावरून खाली साडीवर येत होतं. भावाने मान मागे वळवली. मुलीने मामीकडे बघितलं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "गोळीमुळे थरथरतो, मामी. पाणी सांडलं तर पुसून घेऊ. कऱ्हा मी देणार नाही."

पुढच्या दोन रांगांनी ऐकलं. भटजी थांबले. अंतरपाटाच्या पलीकडून नवरी म्हणाली, "मामी, तू बस ना खाली." मामी बसली. मंगलाष्टकं सुरू झाली, आणि ती संपेपर्यंत पाणी सांडत राहिलं. एका बाजूला वडील उभे होते. शेवटच्या अक्षतांच्या वेळी ते पुढे आले, खिशातला रुमाल काढला आणि मुलीच्या पायाजवळची फरशी पुसली, कुणी घसरू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी गिरणीवरच्या खोलीत गेले तेव्हा बाय एका नव्या मुलाच्या आईला बरोबर घेऊन खाली बसली होती, दोघींच्या मधे मेथीची जुडी होती. मी तिला बाहेर बोलावलं आणि जिन्यात उभं राहून सगळं सांगितलं. मामी काय म्हणाली, मुलगी काय म्हणाली, शब्द न् शब्द. तिने मला मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर तिने एकच विचारलं.

"तिना माजा नाव घेतलंन का कुठं?"

मी नाही म्हणून सांगितलं. सबंध लग्नात एकदाही नाही.

"बरा केलंन," बाय म्हणाली, आणि मेथी निवडायला आत गेली.